शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कोणतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कवीला संख्याशास्त्रावर बोलायला बसवणं म्हणजे तबलजीच्या हाती नांगर देण्यासारखं आहे. मी बी.ए. झालेला माणूस. आकड्यांशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. तरीही आज मी शैक्षणिक संशोधनातल्या न्यादर्शाविषयी, म्हणजे पाहणीसाठी नमुना कसा निवडावा आणि किती घ्यावा याविषयी बोलणार आहे. त्याला कारण माझी भाची.

माझं घर माकणीला. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं हे गाव. तेरणा नदीवरच्या निम्न तेरणा धरणामुळं बऱ्याच जणांना ते नावानं तरी माहीत असतं. भाची प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरी आणि संसार सांभाळून तिनं एम.एड.ला प्रवेश घेतला. एका रविवारी कागदांची पिशवी घेऊन ती आली आणि म्हणाली, ‘मामू, माझा लघुशोधप्रबंध आहे, जरा भाषा तपासून द्या.’ विषय होता चौथीच्या मुलांचं मराठी वाचन. मी चाळू लागलो. तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य आलं, ‘प्रस्तुत संशोधनासाठी शंभर विद्यार्थ्यांचा न्यादर्श निवडण्यात आला.’

मी विचारलं, ‘बेटा, शंभरच का?’

‘सगळे शंभरच घेतात, मामू. टक्केवारी काढायला सोपं पडतं.’

‘आणि ही शंभर मुलं कुठली?’

‘रस्त्याकडेच्या चार शाळांतली. एका दिवसात दोन शाळा होतात.’

‘त्या शाळांतली कोणती मुलं?’

‘गुरुजींनी पुढं पाठवली ती.’

मी गप्प झालो. का गप्प झालो, ते शेवटी सांगतो. पण त्या दिवसापासून भाचीबरोबर मीही या विषयाच्या मागं लागलो, आणि जे समजलं ते आज तुमच्यापुढं मांडतो आहे.

आपल्याकडं म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. नमुना पाहणीचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आहे. पण म्हण एक गोष्ट गृहीत धरते. पातेल्यातला भात सगळीकडं सारखा शिजलेला आहे, असं ती समजून चालते. आमच्याकडं लग्नात बिर्याणीची देग चढते. दमावर ठेवलेली देग ढवळता येत नाही. वरचा थर मोकळा, मधला ओलसर, तळाचा कधी करपलेला. जाणता बावर्ची वरचं शीत दाबून झाकण लावत नाही. तो कडेनं उलथनं आत घालतो आणि तळापर्यंतचं थोडं थोडं बाहेर काढून बघतो. आमटी मात्र तो चांगली ढवळतो आणि एकच पळी चाखतो. म्हणजे किती चाखायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की जे चाखायचं आहे ते सारखं मिसळलेलं आहे का? आणि नसेल, तर प्रत्येक थराला पळीत येण्याची संधी मिळते आहे का?

आपला समाज, आपल्या शाळा, आपली मुलं ही आमटी नाही. ती देग आहे.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आडतीवर तुरीचं पोतं उतरलं की व्यापारी वरची मूठ बघून भाव करत नाही. टोकदार लोखंडी नळी तो पोत्याच्या पोटात खुपसतो आणि आतले दाणे तळहातावर घेतो. वर चांगला माल आणि खाली डागी माल असू शकतो, हे त्याला ठाऊक असतं. माझ्या भाचीनं केलं ते पोत्याच्या वरची मूठ उचलण्यासारखंच होतं. रस्त्याकडेच्या शाळा आणि गुरुजींनी पुढं केलेली मुलं. संशोधनाच्या भाषेत याला सोयीचा न्यादर्श म्हणतात. नाव मोठं सभ्य आहे. सोय मात्र पाहणाऱ्याची असते.

या शास्त्रात आपल्या मातीतल्या एका माणसाचं नाव जगात घेतलं जातं, हे मला उशिरा कळलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मले, पुण्यात शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांच्या नमुना पाहणीची घडी बसवली, आणि पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत मोठं काम केलं. नमुना पाहणीच्या सिद्धांतावरचा त्यांचा ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत वापरला गेला. आज आपल्या शिवारात पीक कापणी प्रयोग होतो, त्यामागं हीच विचारसरणी आहे. कोणत्या गावात, कोणत्या गटात, शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलांवर तुकडा आखायचा, हे पाहणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं नाही. ते यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायचं.

सुखात्म्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण सीमेवरची ताटं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा हात ती आत ओढतो. तुकडा लहान असला की त्याच्या मानानं सीमा मोठी, म्हणून चूकही मोठी. मला यातली फार मोलाची गोष्ट ही वाटली, की कापणाऱ्याच्या मनात लबाडी नसते. तरीही चूक एकाच बाजूला झुकते. अशा कललेल्या चुकीला अभिनती म्हणतात. आणि अभिनती नमुना वाढवून जात नाही. वाकडी मोजपट्टी शंभर वेळा लावली तरी माप वाकडंच येतं.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं, रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून. मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन आणि मोटार कोणाकडं होती? शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कोणी घेतली? त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून बरोबर अंदाज दिला. दोन वर्षांच्या आतच ते साप्ताहिक बंद झालं.

तेव्हा निवड आधी, संख्या नंतर. निवडीच्या पद्धती पुस्तकात बऱ्याच दिलेल्या असतात, मी कामाच्या तेवढ्या सांगतो.

सुरुवात यादीपासून होते. ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या सगळ्यांना संशोधक ‘जनसंख्या’ म्हणतात. इथं त्याचा अर्थ गावची लोकसंख्या असा नाही. तालुक्यातली चौथीची सगळी मुलं, ही भाचीची जनसंख्या. त्या सगळ्यांची यादी हवी. शाळांची यादी यू-डायसवर मिळते, मुलांची नावं हजेरीपटावर. यादीतच जो नाही, तो चिठ्ठीत येणार नाही. शाळेत नाव न घातलेलं मूल शाळेच्या यादीत कसं सापडेल? म्हणून आपली यादी कोणाला वगळते, हे संशोधकानं पहिल्याच पानावर लिहून टाकावं.

यादी हाती आली, की साधी यादृच्छिक निवड म्हणजे लॉटरी. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी, सगळ्यांना सारखी संधी. डोळे मिटून नावावर बोट ठेवणं म्हणजे लॉटरी नव्हे. माणसाचं बोट पानाच्या मध्यावर जातं, ओळखीच्या नावावर जातं. म्हणूनच टिपेट नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं १९२७ साली ४१,६०० यादृच्छिक अंकांचं कोष्टक छापलं. आता असे आकडे मोबाइलही काढून देतो.

क्रमबद्ध निवड त्याहून सोपी. पहिलं नाव चिठ्ठीनं काढायचं आणि मग दर दहावं नाव घ्यायचं. फक्त यादीला स्वतःची लय नसावी. पटावर आधी मुलं मग मुली, किंवा गुणानुक्रमानं नावं असतील, तर ते ध्यानात घ्यावं.

स्तरित निवड ही देगेसाठी. आधी थर ओळखायचे. गावातल्या मोठ्या शाळा आणि वाडी-तांड्यावरच्या छोट्या शाळा. मराठी माध्यम आणि उर्दू माध्यम. मग प्रत्येक थरातून वेगळी लॉटरी काढायची. थर फारच लहान असेल तर त्यातून मुद्दाम जास्त मुलं घ्यायची, आणि शेवटी हिशेब करताना त्याला त्याच्या खऱ्या आकाराइतकंच वजन द्यायचं. नाहीतर लहान समाज नेहमीच ‘इतर’ या रकान्यात जाऊन बसतो. या रकान्याचा मला थोडा अनुभव आहे.

चौथी पुंज निवड. सगळ्या मुलांची एक यादी करणं अवघड असेल, तर आधी गावं किंवा शाळा निवडायच्या आणि मग त्यांच्या आतून मुलं. याचं उत्तम उदाहरण ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं होणारी ‘असर’ पाहणी. ‘प्रथम’ची सुरुवात १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांतून झाली, आणि ‘असर’ २००५ पासून देशाच्या ग्रामीण जिल्ह्यांत होते आहे. तिची रीत कवीलाही समजेल इतकी सरळ आहे.

एका जिल्ह्यातली ३० गावं. ती जनगणनेच्या यादीतून निघतात, आणि मोठ्या गावाला निवडीची संधी त्या मानानं जास्त असते. जणू ज्या गावात जितकी घरं, तितक्या त्याच्या चिठ्ठ्या. मग गाव मोठं असो की लहान, प्रत्येकातून २० घरं. मोठ्या गावाला चिठ्ठ्या जास्त, पण आत गेल्यावर तिथल्या एकेका घराची संधी कमी. दोन्हींचा मेळ बसून जिल्ह्यातल्या प्रत्येक घराची संधी जवळपास सारखी होते. एका जिल्ह्यात झाली ६०० घरं.

गावात शिरल्यावर कार्यकर्ते लोकांना विचारून गावाचा नकाशा काढतात, त्याचे चार भाग करतात, आणि प्रत्येक भागातून पाच घरं घेतात. भागाच्या मध्यापासून निघायचं, डावी बाजू धरायची आणि दर पाचवं घर. सरपंचांचा वाडा आला तर वाडा, झोपडी आली तर झोपडी. घर म्हणजे काय? एक चूल म्हणजे एक घर. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, मुलांची चाचणी शाळेत होत नाही, घरी होते. एकेका मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट वाचायला देतात. शाळेत गेलेलं, न गेलेलं, सोडलेलं, त्या दिवशी दांडी मारलेलं, सगळं मूल घरी सापडू शकतं. गुरुजींनी कोणाला पुढं करावं, हा प्रश्नच तिथं येत नाही.

आता संख्या. किती मुलं पुरे? लोकांना वाटतं, जनसंख्या मोठी तर नमुनाही त्याच मानानं मोठा, दहा टक्के तरी हवाच. इथं पळीची गोष्ट पुन्हा आठवावी. आमटी चांगली ढवळलेली असेल, तर चार माणसांच्या पातेल्यासाठी एक पळी लागते आणि चारशे माणसांच्या देगेसाठीही एकच पळी. क्रेजसी आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी १९७० साली एक कोष्टक दिलं. बी.एड., एम.एड.च्या पुस्तकांत ते अजून छापलं जातं. त्याप्रमाणं जनसंख्या १०० असेल तर नमुना ८०. १,००० असेल तर २७८. १०,००० ला ३७०. आणि १० लाखांना फक्त ३८४. म्हणून जागोजागी ३८४ हा आकडा दिसतो.

पण या ३८४ चा अर्थ काय, हे फार थोडे विचारतात. त्याचा अर्थ असा, की आपण काढलेली टक्केवारी खऱ्या टक्केवारीच्या फार तर ५ टक्के इकडं-तिकडं असेल, आणि अशा शंभर पाहण्यांपैकी ९५ पाहण्यांत हे खरं ठरेल. निम्मी मुलं वाचू शकतात असं आढळलं, तर खरा आकडा ४५ ते ५५ च्या मध्ये धरायचा. नमुना शंभरचा असेल तर ही कसर जवळपास १० टक्के. तीस मुलांचा असेल तर १८ टक्के. आणि कसर निम्मी करायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. म्हणून सुरुवातीची मुलं फार शिकवतात, नंतरची थोडंथोडंच.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आधी प्रश्न ठरवा, मग संख्या. नुसतं ‘तालुक्यात किती मुलं वाचतात’ एवढंच सांगायचं असेल तर एक हिशेब. पण मुली वेगळ्या, तांडा वेगळा, उर्दू माध्यम वेगळं सांगायचं असेल, तर प्रत्येक गटात पुरेशी मुलं हवीत. चारशेच्या नमुन्यात तांड्यावरची मुलं वीसच असतील, तर त्यांच्याविषयीच्या टक्केवारीत २२ टक्क्यांची कसर आहे. तिच्यावर विसंबून तांड्याविषयी निवाडा देणं अन्याय आहे.

दुसरी गोष्ट, वर्तमानपत्रातले आकडे वाचताना ही कसर मनात धरा. ‘असर’च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचणारी मुलं २०२२ साली देशभरात १६.३ टक्के होती, २०२४ साली २३.४ टक्के. देशभरची पाहणी लाखो मुलांची, तेव्हा सात टक्क्यांची ही वाढ खरी मानायला हरकत नाही. पण एका जिल्ह्याच्या ६०० घरांत तिसरीत शिकणारी मुलं सापडणार किती? शंभराच्या आतबाहेर. तिथं सात टक्क्यांचा चढउतार नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळानंही होऊ शकतो. त्यावरून कोणाला हार घालू नये आणि कोणाला नोटीसही देऊ नये.

अजून एक खाचखळगा आहे, आणि शिक्षणाच्या संशोधनात तोच जास्त पाय मोडतो. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. गुरुजी तेच, पुस्तकं तीच, गल्ली तीच. त्यामुळं दहावं मूल पहिल्या नऊ मुलांपेक्षा फार नवं काही सांगत नाही. समजा, हे सारखेपण मध्यम, म्हणजे शून्य ते एकच्या मापावर ०.१ आहे. मग १० शाळांतून प्रत्येकी ४० अशी ४०० मुलं घेतली, तर ती माहितीच्या दृष्टीनं जेमतेम ८२ मुलांइतकी भरतात. तीच ४०० मुलं ४० शाळांतून प्रत्येकी १० घेतली, तर २१० इतकी भरतात. मुलं तेवढीच, मोल अडीचपट. तेव्हा एकाच शाळेत ठाण मांडून बसण्यापेक्षा जास्त शाळांचे उंबरे झिजवावेत. ३८४ चं कोष्टक साध्या लॉटरीसाठी आहे, पुंजासाठी नाही, ही सूचना पुष्कळ प्रबंधांत विसरलेली असते.

काही शिक्षक प्रयोग करतात. एका वर्गाला नव्या पद्धतीनं शिकवायचं, दुसऱ्याला जुन्या, आणि दोन्हींची तुलना. तिथं ‘तीस-तीस मुलं’ हा जणू रिवाजच आहे. जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं याचा हिशेब मांडून ठेवला आहे. फरक ठळक असेल तर प्रत्येक गटात २६ मुलं पुरतात. मध्यम असेल तर ६४ लागतात. आणि बारीक असेल तर चारशेच्या घरात. शिकवण्याच्या पद्धतीनं पडणारा फरक बहुधा ठळक नसतोच. म्हणजे तीस मुलांच्या प्रयोगात ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलं जातं, तेव्हा पुष्कळदा फरक नव्हता असं नसतं. तो दिसण्याइतका दिवा मोठा नव्हता.

सगळंच संशोधन टक्केवारीचं नसतं. शाळा सोडलेल्या मुलींच्या मनात काय आहे, हे समजून घ्यायचं तर आठ-दहा मुलींशी मनापासून केलेल्या गप्पा हजार प्रश्नावल्यांना भारी ठरतात. तिथं मुली हेतुपूर्वक निवडाव्यात, एकीनं दुसरीचं नाव सांगावं, हेही चालतं. अट एकच, की त्या आठ जणींवरून ‘ऐंशी टक्के मुलींना वाटतं’ असं लिहू नये. ज्या पद्धतीनं निवडलं तिचं नाव प्रामाणिकपणे लिहावं, आणि तिला झेपेल तेवढंच बोलावं.

आणि काही वेळा नमुना घ्यायचाच नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला, तो आमच्या परिसरात कोणी विसरलेलं नाही. त्यानंतर पडलेली घरं मोजताना दर पाचवं घर बघून चाललं असतं का? ज्याचं त्याला द्यायचं असतं, तिथं एकूण एक मोजावं लागतं. शिष्यवृत्ती असो, पोषण आहार असो, की कोणत्या मुलाला वाचता येत नाही हे त्याच्या शिक्षकाला कळणं असो. नमुना समुदायाविषयी सांगतो, त्यातल्या एकेकाविषयी नाही. पीकविम्याच्या वेळी शेतकरी तळमळून म्हणतो, ‘प्रयोग दुसऱ्याच्या रानात झाला आणि पीक माझं गेलं.’ त्याचं दुःख हेच आहे. नमुना मंडळाची सरासरी सांगतो. त्याच्या बांधावर नमुना पोचलेलाच नसतो.

तर भाचीनं काय केलं? तिनं ते शंभर कागद बाजूला ठेवले. हे सोपं नव्हतं. दोन महिन्यांची पायपीट होती ती. नंतर तालुक्यातल्या चौथीचा वर्ग असलेल्या शाळांची यादी केली, पटाच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून ३० शाळा काढल्या, आणि प्रत्येक शाळेत हजेरीपटावरून आठ मुलं लॉटरीनं निवडायची ठरवली. जिथं आठच किंवा त्याहून कमी मुलं, तिथं सगळी. अडीचशेच्या आतच संख्या. शाळेतल्या सारखेपणाचा हिशेब धरून कसर आठ टक्क्यांच्या आसपास जाते, हे तिनं प्रबंधात स्वच्छ लिहिलं. एकटीच्या बळावर तेवढंच जमण्यासारखं होतं.

एका तांड्यावरच्या शाळेत मी तिच्याबरोबर गेलो होतो. पटावरून चिठ्ठी निघाली, आणि गुरुजी म्हणाले, ‘ती पोर ऊसतोडीला गेली आहे आईबापांबरोबर. तिच्याऐवजी हिला घ्या, ही छान वाचते.’ समोर दोन वेण्या घातलेली चुणचुणीत मुलगी उभी होती. भाचीनं माझ्याकडं बघितलं. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. सीमेवरचं ताट आत ओढावं तसा हात आपोआप गेला होता. पण जी गेली आहे, ती बहुधा न वाचणारी आहे. दर वेळी अशा रिकाम्या जागी वाचणारं मूल बसवलं, तर शेवटी सगळा तालुका वाचतो आहे असं दिसेल.

भाचीनं बदली मूल घेतलं नाही. वहीत त्या नावापुढं ‘गैरहजर, ऊसतोड’ असं लिहिलं. कारखान्यांचा हंगाम संपून माणसं परतली, तेव्हा ती पुन्हा त्या तांड्यावर जाऊन आली. जी मुलं तेव्हाही सापडली नाहीत, त्यांची संख्या तिनं वेगळ्या तक्त्यात दिली. मार्गदर्शकांनी त्या तक्त्यावर खूण करून विचारलं, हा कशाला? ती म्हणाली, ‘सर, मला वाटतं प्रबंधातला महत्त्वाचा तक्ता हाच आहे.’

आता सुरुवातीला मी गप्प का झालो, ते सांगतो. मी तिसरीत होतो. शाळेचं नाव सांगत नाही, गुरुजी मायाळू होते आणि आता हयात नाहीत. आमच्या घरी दखनी बोलत. माझ्या तोंडात ‘ळ’ बसत नसे, वाचताना अडखळत असे. साहेब तपासणीला येणार होते. आदल्या संध्याकाळी गुरुजींनी आम्हा पाच-सहा जणांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल.’ आम्हाला आनंदच झाला. दिवसभर नदीकाठी म्हशींमागं हिंडलो. दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं, साहेबांनी शेरा लिहिला, वर्गाचं वाचन समाधानकारक. घरी येऊन मी अम्मीला सांगितलं, आमचा वर्ग पास झाला. ती म्हणाली, ‘आणि तू?’

त्या वर्गाच्या आकड्यात मी नव्हतो. मला वाचता येत नाही हे साहेबांना कळलं असतं, तर कदाचित एखादं पुस्तक जास्त आलं असतं, एखादा शिक्षक जास्त आला असता. पुढं एका शेजाऱ्यानं जुनी वर्तमानपत्रं वाचायला देऊन मला मार्गी लावलं, ही गोष्ट वेगळी.

श्रोत्यांमध्ये संशोधन करणारे शिक्षक असतील, त्यांना एवढंच सांगणं आहे. आधी यादी तपासा. निवड चिठ्ठीवर सोडा, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या पसंतीवर नको. संख्या प्रश्नावरून ठरवा, रिवाजावरून नको. जास्त शाळांत जा, दर शाळेत मुलं कमी घेतलीत तरी चालेल. आणि चिठ्ठी ज्याच्या नावाची निघाली ते मूल वर्गात नसेल, तर शेजारच्या बाकावरचं उचलू नका. ते कुठं आहे, ते विचारा.